एकच डोळा पुन्हा पुन्हा लाल होतोय? मग विषाणूंचा विचार करायला हवा

पुण्यात कुठल्याही पेठेतल्या औषधाच्या दुकानाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "डोळा लाल झालाय, काहीतरी थेंब द्या." दुकानदारही सवयीने एक छोटी बाटली काढून देतो. तिच्यात पुष्कळदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, बाटली फ्रिजच्या दारात जाऊन बसते आणि पुढे घरातल्या कोणाचाही डोळा लाल झाला की बाहेर येते. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा नियम काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतो.

बहुतेकांचं यात फारसं बिघडत नाही, कारण बहुतेक लाल डोळे म्हणजे साधे 'डोळे येणं' असतं आणि ते आपलं आपण बरं होतं. जुलै 2023 मध्ये आळंदीत आणि पुण्यात साथ आली तेव्हा शाळकरी पोरांचे वर्गच्या वर्ग काळे चष्मे लावून घरी बसले होते, आठवत असेल. तेव्हाची सूज डोळ्याच्या सगळ्यात बाहेरच्या पातळ आवरणात होती. अशा वेळी सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि एका डोळ्यातून दुसऱ्यात जायला एक-दोन दिवस पुरतात. दिसायला मात्र जवळपास पहिल्यासारखंच दिसतं.

दुसऱ्या एका प्रकारचा लाल डोळा असतो, त्याची लक्षणं नीट पाहा. घाण येत नाही. लाली सगळीकडे सारखी नसते, बुबुळाच्या कडेभोवती जास्त गडद असते. दुखणं आतून, ठसठसणारं. उजेडाकडे बघवत नाही, मोबाइलचा प्रकाशही नकोसा होतो. नजर जराशी धूसर. आणि एकच डोळा. यातली सूज डोळ्याच्या आत आहे, आणि फ्रिजमधली बाटली नेमकी इथे घात करू शकते.

आत म्हणजे कुठे? बाहेरचं पारदर्शक आवरण म्हणजे कॉर्निया. त्याच्या मागे रंगीत पडदा असतो, तो आयरिस. आपल्याकडे तो बहुधा गडद तपकिरी. त्याच्या मधलं भोक म्हणजे बाहुली. आयरिस आणि तिच्या मुळाशी असलेला, डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग, यांना सूज आली की तिला अँटीरियर युव्हायटिस म्हणतात. चिठ्ठीवर कधी कधी नुसतं 'आयरायटिस' असंही लिहिलेलं असतं. कॉर्निया आणि आयरिस यांच्या मधल्या पोकळीत जेमतेम पाव मिलिलिटर पाणी असतं. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. ते आतच तयार होतं, आयरिसच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपतं आणि रक्तात मिसळतं. ही जाळी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

निरोगी डोळ्यात या पाण्यात पेशी नसतात आणि प्रथिनं अगदी नाममात्र असतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. सूज आली की आयरिसच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात. डॉक्टर हनुवटी टेकवायला लावून ज्या यंत्रातून बघतात, त्या स्लिट लॅम्पच्या अरुंद झोतात मग जुन्या वाड्याच्या खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगावी तसे पांढऱ्या पेशींचे कण तरंगताना दिसतात. 1 मिलिमीटर लांब-रुंद झोतात असे किती कण दिसले, ते मोजून सूज किती आहे हे ठरवतात. काही पेशी पुंजके करून कॉर्नियाच्या आतल्या बाजूला चिकटतात. ते पुंजके कुठे आहेत, केवढे आहेत, गोल आहेत की चांदणीसारखे, हे अनुभवी नेत्रतज्ज्ञ फार बारकाईने बघतात, कारण सूज कोणामुळे आली असावी याचा पहिला अंदाज तिथून येतो.

कारणं बरीच असतात. पाठीच्या मणक्यांच्या संधिवाताशी जोडलेला एचएलए-बी27 हा जनुक, क्षयरोग, सारकॉइडोसिस (शरीरात ठिकठिकाणी सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), मार लागणं. पुष्कळदा शोधूनही काही सापडत नाही. या यादीतून विषाणूंना वेगळं काढायचं, कारण उपचाराची दिशाच बदलते. स्टेरॉइड कुठलीही सूज दाबतं, ती कशामुळे आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे विषाणूजन्य सुजेतही थेंब घातल्यावर बरं वाटतंच. दुखणं थांबतं, लाली जाते. विषाणू मात्र तिथेच असतो, आणि त्याला आवरणारी शरीराची प्रतिक्रिया आपण थंड करून ठेवलेली असते. माझ्या मते या आजारात सगळ्यात फसवी गोष्ट हीच: चुकीच्या उपचारानेही पेशंट खूश होतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात त्रास देणाऱ्या विषाणूंपैकी तीन एकाच कुळातले आहेत, हर्पीस कुळातले. पहिला हर्पीस सिम्प्लेक्स. ताप उतरल्यावर ओठाच्या कोपऱ्यावर जे फोड येतात, ते याचेच. जगातल्या 50 वर्षांखालच्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांत हा विषाणू असतो, आणि तो बहुधा लहानपणीच कोणाच्या तरी लाळेतून आलेला असतो. एकदा आला की जात नाही. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत तो निपचित पडून राहतो. त्याच मज्जातंतूची एक शाखा डोळ्याला जाते. ताप आला, ऊन लागलं, जागरणं झाली किंवा काही कारण न घडताही तो जागा होतो, आणि ओठाकडे उतरायचं की डोळ्याकडे हे आपल्या हातात नसतं. मज्जातंतू दोन्ही बाजूंचे वेगळे असतात, म्हणून त्रास एकाच बाजूला, आणि पुन्हा पुन्हा त्याच डोळ्याला होतो. "मला दर वर्षा-दोन वर्षांनी डाव्याच डोळ्याला होतं" असं पेशंट म्हणाला की डॉक्टरांचे कान टवकारतात ते यामुळे.

हर्पीस सिम्प्लेक्स आधी कॉर्नियावरही हल्ला करतो. फ्लुओरेसिनचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं तर झाडाच्या फांद्यांसारखी जखम दिसते. अशा जखमेवर नुसतं स्टेरॉइड पडलं तर ती भराभर पसरते, आणि बरी झाली तरी कॉर्नियावर पांढरा डाग मागे राहू शकतो. एकदा दुखावलेल्या कॉर्नियाची संवेदनाही कमी होते. म्हणून काही डॉक्टर कापसाचं टोक हलकेच टेकवून दोन्ही डोळ्यांची तुलना करतात. साधी, फुकटातली तपासणी आहे. गर्दीच्या ओपीडीत ती राहून जाते, आणि थेंब घालून डोळा बधिर केल्यावर तिचा उपयोगही उरत नाही.

दुसरा विषाणू कांजिण्यांचा. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो मज्जातंतूंच्या गाठींत लपतो आणि वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन बाहेर येतो. नागिणीबद्दल आपल्याकडे भीती भलत्याच गोष्टीची असते: तिने कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस जातो, वगैरे. ती वेढा पूर्ण करत नाही, कारण ती एका बाजूच्या मज्जातंतूपुरतीच असते. भ्यायचंच असेल तर कपाळावर आणि पापणीवर आलेल्या नागिणीला भ्यावं. जोनाथन हचिन्सन नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकात एक खूण नोंदवली, ती आजही कामाला येते: नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला पुरळ आलं असेल तर डोळ्याच्या आत सूज येण्याची शक्यता खूप वाढते. नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा आतला भाग यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, इतकं सरळ कारण. नाकावर काही नाही म्हणून डोळा सुरक्षित, असं मात्र समजू नये.

इथे वेळ महत्त्वाची. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत असायक्लोव्हिर किंवा त्याच्या जातीची गोळी सुरू झाली तर डोळ्यातली गुंतागुंत कमी होते. हे तीन दिवस आपल्याकडे बहुधा गेरूचा लेप लावण्यात आणि कोणाकडून तरी 'उतरवून' घेण्यात जातात. लेप लावायचाच असेल तर तो लावत लावत डॉक्टरकडे जावं, एवढंच म्हणेन. आणखी एक अडचण अशी की डोळ्यातली सूज पुरळासोबतच येते असं नाही. पुरळाच्या खपल्या पडून गेल्यावरही ती येते. क्वचित पुरळ न येताच डोळ्यात नागीण होते, आणि तेव्हा निदान करणं खरोखर अवघड असतं.

तिसरा विषाणू सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही. हा जरा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे, कारण तो लालीही न आणता नुकसान करतो. एड्सच्या पेशंटमध्ये तो डोळ्याच्या मागच्या पडद्याला जाळतो, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून माहीत होतं. प्रतिकारशक्ती अगदी ठणठणीत असलेल्या माणसांत तो डोळ्याच्या पुढच्या भागात सूज आणतो, हे गेल्या वीसेक वर्षांत स्पष्ट झालं, आणि आशियातल्या लोकांत ते जास्त आढळतं.

समजा, कोथरूडमधले पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. रात्री सिंहगड रोडने गाडी चालवताना त्यांना समोरच्या दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात. एका डोळ्याने थोडं धुरकट दिसतं, डोकं जड वाटतं. डोळा जवळपास पांढराच. चार दिवसांनी सगळं नीट होतं आणि ते चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून सोडून देतात. त्या चार दिवसांत कोणी डोळ्याचा दाब मोजला असता तर तो 45 किंवा 50 सापडला असता; सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरइतका असतो. अशा झटक्यांचं वर्णन पोस्नर आणि श्लॉसमन या दोन डॉक्टरांनी 1948 मध्ये केलं होतं. झटका आपोआप जातो, म्हणून तो निरुपद्रवी मानला गेला. पुढे डोळ्यातलं पाणी तपासण्याची सोय झाली आणि अशा अनेक पेशंटांच्या डोळ्यांत सीएमव्ही सापडला. दर झटक्याला वाढलेला दाब डोळ्यामागच्या नसेचा थोडा भाग कायमचा खातो, म्हणजे काचबिंदू होतो. शिवाय हा विषाणू कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मारतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

दाब का वाढतो? पाणी बाहेर नेणारी जाळी आठवा. विषाणूजन्य सुजेत ती जाळी स्वतःच सुजते आणि पाण्याची वाट अडते. सुजेच्या इतर बऱ्याच कारणांत उलट घडतं, पाणी तयार करणारा भाग मंदावतो आणि दाब सुरुवातीला कमी सापडतो. म्हणून लाल किंवा सुजलेल्या डोळ्यात पहिल्याच भेटीला दाब वाढलेला असेल तर विषाणूचा संशय सगळ्यात आधी घ्यावा. दाब मोजायला दोन मिनिटं लागतात. डोळा दुखत असताना तो मोजलाच नाही, तर हाती लागलेला सगळ्यात मोठा धागा सुटतो.

आता गुंतागुंत अशी, की स्टेरॉइडच्या थेंबांनीही दाब वाढतो. सुमारे एक-तृतीयांश माणसांत तो थोडाफार वाढतो, मोजक्या काही जणांत फारच. मग वाढलेला दाब विषाणूमुळे की औषधामुळे, हे ओळखायचं कसं? वेळेवरून. विषाणूचा दाब थेंब सुरू व्हायच्या आधीच वाढलेला असतो आणि सूज उतरली की तोही उतरतो. स्टेरॉइडचा दाब थेंब काही आठवडे घातल्यावर, सूज शांत झालेली असताना चढतो. हे सांगता येण्यासाठी पहिल्या दिवसाचा आकडा कागदावर असावा लागतो. फ्रिजमधल्या बाटलीने सुरुवात केली असेल तर तो आकडा कोणाकडेच नसतो, आणि पुढचे सहा महिने डॉक्टर आणि पेशंट दोघेही अंदाज बांधत राहतात.

हर्पीस कुळाबाहेरचा चौथा विषाणू पुणेकरांना वेगळ्या कारणाने ओळखीचा असावा: रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. त्यावरची लस हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने 1941 मध्ये दाखवून दिलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यात हाच विषाणू वेगळं काम करतो. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी 1906 मध्ये एका विचित्र सुजेचं वर्णन केलं होतं: दुखत नाही, लाल होत नाही, वर्षानुवर्षं मंद चालू राहते, सुजलेल्या डोळ्यातल्या आयरिसचा रंग फिका पडतो आणि पुढे मोतीबिंदू होतो. या फुक्स युव्हायटिसच्या बऱ्याच पेशंटांच्या डोळ्यातल्या पाण्यात रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडतात. आपल्या गडद डोळ्यांत रंगातला फरक सहज दिसत नाही. आयरिसवरची नेहमीची नक्षी पुसली जाऊन ती सपाट दिसते, ते शोधावं लागतं. अमेरिकेत रुबेलाची लस 1969 मध्ये आली आणि त्यानंतर जन्मलेल्यांत हा आजार कमी झाल्याचं तिथे दिसलं. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम 2017 पासून टप्प्याटप्प्याने आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये झाली. तेव्हा ज्या मुलांना शाळेत टोचली, ती चाळिशीत पोचतील तेव्हा इथले फुक्सचे पेशंटही घटलेले असतील, असा माझा अंदाज आहे. या आजारात स्टेरॉइड फारसं कामाचं नसतं. तरीही पेशी दिसतात म्हणून ते महिनोन्महिने चालू ठेवलं जातं आणि मोतीबिंदू व दाब दोन्ही वाढवून बसतं.

खात्री करायची असेल तर डोळ्यातलं पाणी काढून तपासतात. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करून अतिशय बारीक सुईने साधारण 0.1 मिलिलिटर पाणी घेतात आणि त्यावर पीसीआर चाचणी करतात. प्रत्येकाला ही गरज नसते. कपाळावर नागीण दिसत असताना डोळ्यात सुई घालण्यात अर्थ नाही. पण सीएमव्हीचा संशय असेल तेव्हा ती जरूर करावी, कारण औषध वेगळं, महाग आणि जोखमीचं आहे. पीसीआर नकारार्थी आली म्हणजे विषाणू नाहीच असं नव्हे. झटका ओसरल्यावर किंवा रुबेलासारख्या जुन्या सुजेत विषाणूचा अंश मिळत नाही आणि प्रतिपिंडांवर अवलंबून राहावं लागतं. रक्तातल्या तपासणीचा इथे फार उपयोग नाही. हर्पीस आणि सीएमव्हीची आयजीजी प्रतिपिंडं, म्हणजे जुन्या संसर्गाची खूण, बहुतेक प्रौढांच्या रक्तात असतातच, तो रिपोर्ट पाहून घाबरू नये.

उपचारात स्टेरॉइड नसतंच असं नाही, हे इथे स्पष्ट करायला हवं. सूज उतरवायला ते लागतंच, फक्त विषाणूविरोधी औषधाच्या संरक्षणाखाली. हर्पीस सिम्प्लेक्ससाठी असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, नागिणीसाठी 800 मिलिग्रॅम पाच वेळा, ही नेहमीची मात्रा. किडनीचा त्रास असेल तर ती कमी करावी लागते, म्हणून तो सांगायला विसरू नये. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ गरट्रूड एलियन यांना 1988 मध्ये ज्या कामासाठी नोबेल मिळालं, त्या कामाच्या वाटेवर हे औषध निघालं. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब देतात. त्याने वाचता येत नाही आणि पेशंट वैतागून ते आधी बंद करतात. पण ते नसतील तर सुजलेली आयरिस मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली वेडीवाकडी होऊन बसते. वारंवार होणाऱ्या हर्पीससाठी असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर देतात. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत असं केल्यावर वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आलं होतं. सीएमव्हीवर असायक्लोव्हिर पुरेसं चालत नाही. तिथे गॅन्सायक्लोव्हिरचं जेल किंवा व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरच्या गोळ्या लागतात, गोळ्या चालू असताना रक्तपेशींची मोजणी करत राहावी लागते, आणि औषध थांबवलं की पुष्कळांत झटके परत येतात.

पुण्यात राहणाऱ्यांनी डासांकडेही बघायला हवं. 2024 च्या पावसाळ्यात शहरात चिकनगुनियाने बऱ्याच घरांत माणसं आडवी केली. त्याच वर्षी जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले. त्याआधी 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण मिळाला होता. 1952 मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली आपली राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था अशा वेळी नमुने तपासते. या दोन्ही विषाणूंनी डोळ्याच्या पुढच्या भागात सूज येऊ शकते. चिकनगुनियात ती तापातच किंवा ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी येते, तेव्हा सांधे एवढे दुखत असतात की डोळ्याची कुरकुर कोणी मनावर घेत नाही. ही सूज बहुधा उपचाराने बरी होते. डोळा विषाणूंना किती काळ आसरा देतो, याचं टोकाचं उदाहरण इबोलाचं आहे: आफ्रिकेत काम करताना इबोला झालेल्या एका अमेरिकी डॉक्टरच्या रक्तातून विषाणू गेल्यावर कित्येक आठवड्यांनी तो त्याच्या डोळ्यातल्या पाण्यात जिवंत सापडला, आणि सुजेत त्याच्या निळ्या डोळ्याचा रंग हिरवा झाला होता. त्याच्या अश्रूंत मात्र तेव्हा विषाणू नव्हता, हेही तपासून पाहिलं गेलं.

नागिणीविरुद्धची नवी लस 2023 पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात. किंमत मध्यमवर्गीय घरालाही विचार करायला लावणारी आहे. ज्यांना डोळ्यात नागीण होऊन गेली आहे त्यांनी सूज चालू असताना ती घ्यावी का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं.

एक गोष्ट घरच्या मोठ्यांबाबत. आईला किंवा काकांना पूर्वी कधी डोळ्यात हर्पीस, नागीण किंवा अशी वारंवार येणारी सूज झाली असेल आणि आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल, तर जुने कागद शोधून सर्जनच्या हातात द्या. ऑपरेशनच्या धक्क्याने आणि नंतरच्या स्टेरॉइडने विषाणू पुन्हा उठू शकतो. सर्जनला आधी कळलं तर ते साधारण तीन महिने डोळा पूर्ण शांत राहण्याची वाट बघतात, ऑपरेशनच्या आधीपासून विषाणूविरोधी गोळी सुरू करतात आणि थेंब चालू असेपर्यंत ती चालू ठेवतात. कागद हरवले असतील तर निदान कोणता डोळा आणि साधारण कोणतं वर्ष, एवढं तरी सांगा.